पाड्यावरचा सौर दिवा आणि त्याचा खर्च

(आपल्या संस्थेच्या सहाय्यकांच्या वार्षिक मेळाव्यात आदिवासी कल्याण कामाच्या सौर प्रकल्पाची जबाबदारी पाहणाऱ्या बंधूंनी केलेले भाषण.)



मला सांगण्यात आले आहे की सौर पॅनेलचा खर्च किती आणि ते परवडते का, यावर बोला. सकाळपासून चहाच्या रांगेतही मला हेच विचारले गेले. काहींना स्वतःच्या घरासाठी माहिती हवी आहे, काहींना पाड्यांसाठी पैसे द्यायचे आहेत. एका काकांनी तर सांगितले, "माझ्या बंगल्यावर बसवले तसेच एक तिकडेही बसवून टाका, पैसे मी देतो." त्यांचे मन मोठे आहे. पण त्यांच्या बंगल्यावरची वस्तू आणि पाड्यावर लागणारी वस्तू एक नाही, आणि पहिली गोष्ट मला तीच सांगायची आहे.

आधी शहरातल्या घराचे बोलू, म्हणजे तुमचे लक्ष तिकडे अडकून राहणार नाही.

शहरात आपण बसवतो तो संच महावितरणच्या लाइनला जोडलेला असतो. दिवसा वीज तयार होते, घरात लागेल तेवढी वापरली जाते, उरलेली लाइनमध्ये जाते. रात्री आपण लाइनमधून घेतो. मीटर दोन्ही मोजतो आणि वजाबाकी करून बिल येते. यात बॅटरी नाही, म्हणून हा संच स्वस्त पडतो आणि वर्षानुवर्षे फारसे काही मागत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून पंतप्रधान सूर्य घर योजनेत केंद्र सरकार पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार अनुदान देते, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. संच भारतात बनलेल्या सेलचा असावा लागतो, आणि अनुदान बसवून, तपासणी होऊन मगच बँकेत जमा होते. सुरुवातीला पूर्ण रक्कम तुम्हालाच उभी करावी लागते किंवा कर्ज काढावे लागते. हे विक्रेता लहान आवाजात सांगतो, म्हणून मी मोठ्याने सांगतो.

माझ्या घरावर दोन किलोवॅट आहे. एकूण १ लाख ३० हजार लागले, ६० हजार परत आले, माझे ७० हजार गेले. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, म्हणजे माझे आठ. पावसाळ्यात काही दिवस दोन-तीनवर येते, मार्च-एप्रिलमध्ये भरून निघते. माझे बिल महिना सुमारे अठराशे यायचे, आता दीडशेच्या आसपास येते. साडेतीन वर्षांत पैसे सुटतात. पण ज्या घरात दोन वृद्ध माणसे आहेत, महिन्याला साठ युनिट जळतात आणि बिल पाचशेच्या घरात आहे, त्यांनी शेजाऱ्याने बसवले म्हणून बसवू नये. त्यांनी आधी एक किलोवॅटचा हिशेब मांडावा. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी गच्ची लागते. पाण्याच्या टाकीची किंवा शेजारच्या इमारतीची सावली दुपारी पडत असेल तर नको. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडलेली सावली सगळ्या ओळीची वीज ओढून नेते.

आणि एक गोष्ट ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. लाइट गेली की हा संचही बंद पडतो, भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना. लाइन दुरुस्त करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरून येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. हा दोष नाही, तसेच असायला हवे. पण जिथे लाइनच नाही, तिथे काकांचा बंगल्यावरचा संच म्हणजे नुसती काच आहे.

तर आता पाड्याकडे चलू.

नंदुरबार जिल्ह्यातला अक्राणी तालुका, धडगावच्या पलीकडे सातपुड्याच्या रांगा. इथले पाडे आपल्याकडच्या गावांसारखे एका जागी दाटलेले नसतात. एक घर या टेकडीवर, दुसरे पलीकडच्या उतारावर, मध्ये नाला. लाकडी खांब, बांबूच्या कुडाला लिंपलेली माती, वर कौले. लाइन जवळच्या रस्त्यापर्यंत आली तरी एकेका घरापर्यंत खांब नेणे किती महाग पडते हे तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. आम्ही ज्या पाड्याबद्दल बोलतो आहोत तिथे २२ घरे आहेत. पावरा लोक, मोजकीच घरे मंडळीत येणारी, बाकीची नाहीत. दिवा देताना आम्ही तो प्रश्न विचारलेला नाही, आणि विचारणारही नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये, नाताळच्या आधी, आम्ही तिथे २२ सौर दिवे बसवले. त्या अंकाचे मुखपृष्ठ तुमच्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. एका घराला चाळीस वॅटचे पॅनेल, चाळीस अँपिअर-अवरची पाण्याची बॅटरी, तीन दिवे, मोबाइल चार्ज करायची एक पिन. घरामागे नऊ हजार खर्च आला, एकूण १ लाख ९८ हजार. ते पैसे तुम्हीच दिले होते. पहिल्या रात्री सगळ्या टेकड्यांवर उजेड दिसला तेव्हा आम्ही प्रार्थना केली, फोटो काढले, आणि परत आलो.

जानेवारी २०२१ मध्ये मी घरोघर जाऊन मोजणी केली. २२ पैकी १४ दिवे बंद होते.

मी आयटीआयमध्ये अठ्ठावीस वर्षे वायरमन ट्रेड शिकवला आहे. दुसऱ्या कोणी हे दिवे बसवले असते तर मी त्यांना दोष दिला असता. ते बसवले होते मी. म्हणून प्रत्येक घरात बसून काय झाले ते विचारत गेलो, आणि वहीत लिहीत गेलो.

सहा बॅटऱ्यांत पाणी आटले होते. या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते हे आम्ही सांगितले होते, एकदा, मराठीत, ज्या बायकांना पावरी कळते त्यांना. ते पाणी मिळायचे दुकान कुठे, तर धडगावच्या बाजारात. दोन घरांनी नाल्याचे पाणी गाळून घातले. ओढ्याचे पाणी आपल्याला स्वच्छ दिसते, पण त्यातले क्षार बॅटरीच्या पत्र्यांना खातात.

तीन घरांत कंट्रोलर काढून टाकलेला होता. कंट्रोलर म्हणजे बॅटरी फार उतरली की दिवा तोडणारी पेटी. होळीला मोठा स्पीकर लावायचा होता, पेटी मध्येच बंद करायची, म्हणून कोणा हुशार पोराने तार थेट जोडली. अक्राणीतली होळी ज्यांनी पाहिली आहे ते त्या पोराला दोष देणार नाहीत. पण लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली पुन्हा पुन्हा उतरवली की तिचे आयुष्य वर्षांवरून महिन्यांवर येते.

उरलेल्या पाच घरांचे कारण मला आधी सुचलेच नसते. ही कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि चैत्राच्या सुमारास परततात. घर बंद. पॅनेल चोरीला जाईल म्हणून त्यांनी ते खाली उतरवून घरात ठेवले, कडी लावली आणि गेले. पॅनेल वर असते तर बॅटरी रोज थोडी भरत राहिली असती. अंधारात पाच महिने पडून ती आपोआप उतरली, आतल्या पत्र्यांवर पांढरा थर चढला आणि ती मेली. त्यांनी वस्तू जपली म्हणून ती गेली. हे ऐकून मी त्या दिवशी जेवलो नाही.

आता यातले सर्वांत जड सांगतो. त्या चौदा घरांपैकी एका घरात आधी रॉकेलची चिमणी एका खांबाला ठोकलेल्या लाकडी फळीवर, उंच ठेवत असत. आमचा दिवा आल्यावर त्या फळीवर बॅटरी बसवली. तशी जागा आम्हीच दाखवली होती. दिवा बंद पडल्यावर चिमणी पुन्हा निघाली. रॉकेल मिळेना, म्हणून त्यात डिझेल. फळीवर मेलेली बॅटरी तशीच होती, मिशनची वस्तू आहे, काढायची कशी म्हणून कोणी हलवली नाही. चिमणी जमिनीवर आली, धान्याच्या कणगीशेजारी. २०२० च्या पावसाळ्यात त्या घरातल्या सहा वर्षांच्या मुलीच्या बाहीला तिचा जाळ लागला. ती वाचली, देवाचे आभार. उजव्या हाताची दोन बोटे अजून पूर्ण उघडत नाहीत. ती आज आपल्याच वसतिगृहात शिकते आहे.

तिच्या आईने मला रागाने काही म्हटले नाही. ती एवढेच म्हणाली, "भाऊ, तुमचा दिवा नव्हता तेव्हा चिमणी कुठे ठेवायची हे आम्हाला माहीत होते."

मी त्या अंगणातून निघताना दहा कुमारींचा दाखला आठवत होतो. लहानपणापासून मी तो ऐकला, रविवारच्या शाळेत शिकवला. पाच जणींकडे दिवे होते, तेल नव्हते. मी २२ घरांना दिवे दिले होते. तेलाचा विचार मी केला नव्हता. आणि लूकच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे प्रभू सांगतो, त्या ठिकाणी मी नेहमी शिष्यत्वाचाच अर्थ लावला होता. अगदी साधा, पैशांचा अर्थही त्यात आहे हे मला साठीनंतर कळले.

मग आम्ही खरोखर बसून हिशेब केला. तो तुमच्यापुढे मांडतो, कारण पैसे तुमचे आहेत.

आधी लागते किती ते पाहिले. तीन दिवे, प्रत्येकी पाच वॅट, पाच तास: पंचाहत्तर वॅट-अवर. दोन साधे मोबाइल: वीसच्या आसपास. वीस वॅटचा डीसी पंखा सहा तास: एकशे वीस. एकूण सव्वादोनशेच्या आत. शंभर वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चारशेपर्यंत देते, त्यातले तारेत, कंट्रोलरमध्ये, बॅटरीत जाऊन हाती तीनशेपर्यंत येतात. श्रावणात शंभरच आले तरी दिवे आणि मोबाइल चालतात, पंखा नाही. श्रावणात सातपुड्यात पंखा लागतही नाही. चाळीस वॅटचे पॅनेल मी पूर्वी बसवले होते ते डिसेंबरच्या निळ्या आकाशाकडे बघून बसवले होते. जुलैत काय होईल याचा हिशेब नव्हता.

बॅटरी आम्ही या वेळी लिथियम फॉस्फेटची घेतली. पाणी नको, उतरली तरी लवकर मरत नाही, पेटीतच कंट्रोलर, पेटी सीलबंद. महाग आहे. घरामागचा खर्च असा आला: पॅनेल ३,५००, बॅटरी आणि कंट्रोलरची पेटी ८,५००, दिवे, तारा, बटणे २,०००, लोखंडी खांब आणि कड्या १,८००, धडगावहून पाड्यापर्यंत नेणे आणि बसवणे १,२००. एकूण १७ हजार. खांब कशाला, असे आपल्या समितीत विचारले गेले. कौलांवर चढून पॅनेल पुसणे म्हणजे कौले फोडणे, आणि जुन्या वाशांना वजन नको. अंगणात, आंब्याच्या सावलीपासून दूर, दक्षिणेला तोंड करून खांब रोवला की बाईमाणूसही काठीला फडके बांधून पॅनेल पुसू शकते. शिवाय खांबाला कड्या अशा लावल्या की पाना नसताना पॅनेल निघत नाही. आता ऊसतोडीला जाताना ते वरच राहते.

जाता जाता, एका मंडळीने पॅनेलवर दात्याचे नाव रंगवून द्या म्हणून पत्र पाठवले होते. रंग लावला तेवढ्या काचेवर ऊन पडत नाही, आणि नाव जितके मोठे तितका दिवा मंद. नाव खांबावर घाला असे कळवले, त्यांनी मोठ्या मनाने मान्य केले.

पण १७ हजार हा बसवण्याचा खर्च झाला. तेलाचे काय? पॅनेल पंचवीस वर्षे चालेल. बॅटरी आम्ही सात वर्षांची धरली. तेव्हा नुसती बॅटरी बदलायला आजच्या भावाने सहा हजार लागतील. २२ घरांचे १ लाख ३२ हजार. वर्षाला सुमारे १९ हजार बाजूला पडायला हवेत. हे कोण टाकणार?

आम्ही पाड्यात बैठक घेतली. मी शहरी माणूस, म्हणालो घरामागे महिन्याला पंचाहत्तर रुपये द्या. सगळे गप्प. मग एक म्हातारे कारभारी हसले आणि म्हणाले, महिन्याला आमच्याकडे पैसा येतो कुठे? पैसा येतो उन्हाळ्यात. ऊसतोडीचा हिशेब मिटतो, आणि आमचूर विकला जातो. धडगावच्या बाजारातला आमचूर तुमच्यातल्या कोणी घेतला असेल, तो या घरांच्या अंगणात वाळलेला असतो. तेव्हा ठरले की आंबे संपले की घरामागे वर्षाचे नऊशे एकदम द्यायचे. बसवतानाही प्रत्येक घराने दीड हजार भरायचे. दोन विधवा बहिणींची घरे सोडायची, हे पाड्यानेच ठरवले, आम्ही सुचवले नव्हते. पैसे पाड्याच्या नावाने बँकेत, सही दोन पावरा माणसांची आणि एक आपल्या संस्थेची.

काहींना गरिबाकडून पैसे घेणे आवडलेले नाही, हे मला माहीत आहे. पत्रे आली आहेत. मला एवढेच दिसते की फुकटच्या मेलेल्या बॅटरीला त्या घरात कोणी हात लावला नाही, कारण ती मिशनची होती. आता दिवा मिणमिणला की मला फोन येतो आणि पलीकडचा माणूस रागावलेला असतो. मला तो राग आवडतो.

दुरुस्तीसाठी त्याच पाड्याचा एक तरुण तयार केला. आयटीआय झालेला आहे, ऊसतोडीला जात नाही. वर्षातून चार फेऱ्या, सुट्या तारा कसणे, मीटरने तपासणी, आणि पावरीत समजावणे. शेवटचे काम सर्वांत मोठे.

मे २०२२ मध्ये बसवले. आतापर्यंतचा हिशेब असा. सुरुवातीचे २० घरांचे ३० हजार. पहिल्या उन्हाळ्यात २० पैकी १६ घरांनी नऊशे भरले, दुसऱ्या १८ घरांनी, गेल्या उन्हाळ्यात १७ घरांनी. मिळून ४५,९००. एकूण ७५,९००. यातून एक पॅनेल बदलले, कारण वानरांनी आंब्यावरून त्यावर उडी मारली. वीज कोसळून एक कंट्रोलर गेला, काही दिवे, तरुणाच्या फेऱ्यांचे मानधन, असे १३,९०० खर्च झाले. बँकेत आज ६२ हजार आहेत. आणि २२ च्या २२ घरांत दिवा लागतो.

हे ऐकून टाळ्या वाजवू नका, कारण २०२९ साली लागतील १ लाख ३२ हजार. याच गतीने गेलो, फेऱ्यांचा खर्च वजा केला, तर तेव्हा २० ते २५ हजार कमी पडतील. लोक प्रामाणिक आहेत, पण ज्या वर्षी आंब्याचा मोहर गळतो त्या वर्षी नऊशे रुपये कुठून येणार? हा खड्डा राहणारच, आणि तो आजच दिसतो आहे हे बरे.

याच कारणाने गेल्या महिन्यात आपल्या समितीत मतभेद झाला. तो तुमच्यापासून लपवणे बरे नाही, कारण शेवटी पैसे देणारे तुम्ही आहात. नव्या दोन पाड्यांसाठी तुमच्या दानातून १२ लाख जमले आहेत. त्या दोन पाड्यांत मिळून ७० घरे आहेत. १७ हजारांनी ७० घरांचे ११ लाख ९० हजार होतात. जणू मोजूनच दिले आहेत. काही सभासद म्हणाले, देवाने बरोबर तेवढेच दिले, सगळ्यांना दिवा देऊ. मी म्हणालो, घरामागे तीन हजार बॅटरीच्या ठेवीत टाकल्याशिवाय एकही दिवा बसवायचा नाही. म्हणजे घरामागे २० हजार, म्हणजे ६० घरे. दहा घरे राहतात.

ही दहा घरे कोणती हे मला माहीत आहे. सर्वांत वरच्या टेकडीवरची, जिथे मोटारसायकलही जात नाही. म्हणजे ज्यांना दिवा सर्वांत जास्त हवा. समितीतल्या एका बहिणीने मला विचारले, त्या दहा घरांतल्या लेकराला चिमणीने भाजले तर? मी उत्तर देऊ शकलो नाही. मी एवढेच म्हणालो की ७० घरांत दिवा लावून सात वर्षांनी तो विझू दिला तर फळीवरची जागाही आपणच घेतलेली असेल. मतदान झाले, पाच विरुद्ध चार, माझ्या बाजूने. जिंकल्यासारखे वाटले नाही.

सरकारचे काय, असे तुम्ही विचाराल. विचारायलाच हवे, कारण जिथे सरकार देते तिथे आपण दानाचा पैसा घालू नये. वीज न पोहोचलेल्या घरांसाठी २०१७ च्या सौभाग्य योजनेत पाच दिवे, एक पंखा आणि बॅटरी असलेला सौर संच होता, पाच वर्षांच्या देखभालीसह. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत, अति मागास म्हणून नोंदलेल्या जमातींच्या विजेविना घरांना सौर संचासाठी घरामागे ५० हजारांपर्यंत तरतूद करण्यात आली. आपल्या राज्यात त्यात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड येतात. आपल्यापैकी ज्यांचे काम रायगड-पालघरकडे कातकरी वाड्यांवर आहे त्यांनी पॅनेल विकत घेण्याआधी पंचायत समितीत जाऊन यादी पाहावी. एक दिवस जाईल, पण २० हजार वाचू शकतात. पावरा या यादीत नाहीत.

आणि उद्या लाइन आली तर पैसे वाया नाही का जाणार? आमच्या शेजारच्या पाड्यात लाइन आली आहे. पावसाळ्यात झाड पडले की आठ-आठ दिवस अंधार असतो, तेव्हा लोक जुना सौर दिवाच लावतात. लाइन नीट झाली तर हाच खांब आणि पॅनेल काढून वरच्या टेकडीवर नेता येईल. त्या दिवशी मला आनंदच होईल.

एक कबुली राहिली. बैठकीच्या शेवटी एका बाईने विचारले, या पेटीवर चक्की चालेल का? त्या बायका दळण डोक्यावर घेऊन दोन डोंगर उतरतात, नाहीतर घरी घट्टीवर पहाटे दळतात. शंभर वॅटवर चक्की चालत नाही, मोटारीला त्याच्या सात-आठ पट वीज लागते, सुरू होताना आणखी जास्त. मी नाही म्हणालो. तिने मान हलवली आणि काही बोलली नाही. आम्ही चार वर्षे त्यांच्यासाठी दिव्याचा विचार करत होतो, आणि काय हवे हे बायकांना एकदाही विचारले नव्हते. पाड्याला एक सौर चक्की बसवायची तर लाखाच्या वर खर्च जाईल. तो हिशेब अजून मांडलेला नाही. मांडला की पुढच्या अंकात देईन.

आता मागायचे ते मागतो. त्या दहा घरांसाठी २ लाख हवेत. २० हजारांचे एक घर, त्यातले तीन हजार ठेवीत. कोणाला पूर्ण घर जमत नसेल तर तीन हजारांची ठेवही चालेल, किंबहुना तीच देणारे कमी मिळतात. तिचा फोटो येत नाही. खजिनदार बंधू मागच्या बाकावर बसले आहेत, पावती तिथेच मिळेल. पावसाच्या आधी खांब रोवावे लागतात, नंतर त्या चढावर सामान जात नाही, म्हणून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कळवावे.

स्वतःच्या घराच्या संचाविषयी विचारायचे असेल त्यांनी गेल्या बारा महिन्यांची बिले घेऊन जेवणानंतर माझ्याकडे यावे. बिलाशिवाय मी सल्ला देत नाही.

बाहेरच्या टेबलावर नव्या संचाशेजारी एक जुनी बॅटरी ठेवली आहे. त्या फळीवरचीच आहे, मी मागून आणली. तिच्यावर २०१७ च्या नाताळचे आपले स्टिकर अजून आहे. उचलून बघा, दोन हात लागतात. लहान मुलांना हात लावू देऊ नका, आत अॅसिड आहे.